पळत होतो

वस्तीच्या सभागृहातला फळा रंगवायचं काम रंगारणीलाच मिळालं, त्यात नवल काही नव्हतं. आसपासच्या चार गल्ल्यांतली प्रत्येक पाटी तिच्या हातची. दवाखाना, शाळा, शिलाईचं दुकान, ‘येथे थुंकू नये’. ती घरं रंगवत नसे, अक्षरं रंगवत असे. पण एवढा फरक करत बसायला लोकांना वेळ कुठला. तीस वर्षं रंगारीण म्हणत आलेत, तर रंगारीण.

फळ्यावर वस्तीतून लढाईला गेलेल्यांची नावं लिहायची होती. यादी समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, स्वतः तयार केली होती. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात साल, तिसऱ्यात कामगिरी. पायदळ, तोफखाना, खेचरवाला, ठार, घायाळ. एकूण त्रेचाळीस. रंगारणीने यादी एकदा नजरेने वाचली आणि मग बोट ठेवून वाचली.

“एक नाव राहिलंय,” ती म्हणाली.

“कुणाचं?”

“माझ्या आजोबांचं.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. “बाई, आता मी काय सांगायचं. सगळ्यांना ठाऊकच आहे.”

“मला नाही ठाऊक. सांगा.”

“पळाले होते ना ते.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे? लढाईतून.”

“तुम्ही बघितलंत?”

“माझा जन्म तरी झाला होता का तेव्हा.”

“तुमच्या आजोबांपुढे ‘रसद विभाग’ लिहिलंय. ते तिथे भांडी घासत होते, हे तुम्हीच मला मागे सांगितलंय.”

मुख्याध्यापक हसले. माणूस वाईट नव्हता. “भांडी घासायची तरी तिथे थांबावं लागतं, बाई. हे बघा, पंधरा तारखेला उद्घाटन आहे. त्याच्या आत शिक्क्याचा कागद आणा. मी स्वतः नाव घालतो.”

आजोबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती, तरी घराचं नाव पळपुट्याचं घर हेच होतं. नवा टपालवाला आला की शेजारचे लोक त्याला पत्ता तसाच सांगत, आणि सांगताना आवाजही खाली करत नसत. ज्यांच्या घरातल्या कुणी बंदूक चित्रातसुद्धा धरली नव्हती, ते शौर्याचे ठेकेदार झाले होते. पळपुट्याची नात म्हटलं म्हणून शाळेत रंगारणीने चार जणींच्या वेण्या ओढल्या होत्या, आणि एकीचा दात पाडला होता. दाताबद्दल तिला आजही वाईट वाटत नव्हतं.

बाबांचं तसं नव्हतं. बाबा एकोणऐंशी वर्षांचे होते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. माणूस कमी बोलणारा, आणि हा विषय निघाला की उठून जाणारा.

“कशाला उकरतेस?” ते म्हणाले. “मेलेल्या माणसाला फळ्यावर चढून काय मिळणार आहे?”

“त्यांना नाही मिळणार. पण फळा मला लिहायचाय. त्रेचाळीस नावं लिहीन आणि खालची रिकामी जागा मला दिसत राहील.”

“मग काम दुसऱ्या कुणाला दे.”

“दुसरा कोण आहे? तो छापखान्यातला? त्याला ‘र्‍या’ लिहिता येत नाही.”

बाबा उठून गॅलरीत गेले. पण थोड्या वेळाने त्यांनी आजोबांच्या जुन्या ओळखपत्राचा तुकडा आणून टेबलावर ठेवला. त्यावर भरतीचा क्रमांक होता. ठेवला आणि पुन्हा गॅलरीत गेले.

लष्करी नोंदींचं कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर दोरीने बांधलेल्या वह्या. रंगारणीने अर्ज भरला आणि पाचव्या दिवशी तिला बोलावणं आलं. नोंदी सांभाळणाऱ्या बाई तिच्याच वयाच्या होत्या. केसांत पेन्सिल खोचलेली, धुळीपासून बचावाला नाकावर फडका. पेन खिशातसुद्धा ठेवायचं नाही असं त्यांनी आधी सांगितलं, मग एक टाइप केलेलं कार्ड पुढे सरकवलं.

“निघालं की हो तुमचं. नशीबवान आहात. निम्म्या लोकांचं काही सापडतच नाही.”

कार्डावर आजोबांचं नाव होतं, क्रमांक होता. आघाडीवर चौदा महिने. सन्मानाने सुटका. आणि शेरा: घायाळ.

रंगारणीने सन्मानाने सुटका हे शब्द तीन वेळा वाचले. पळालेल्याला कुणी सन्मानाने सोडत नाही. ती खुर्चीत मागे टेकली. उद्या सकाळी हे कार्ड मुख्याध्यापकांच्या नाकासमोर धरायचं, आणि ते चष्मा पुसेपर्यंत समोर उभं राहायचं, असं तिच्या मनात आलं.

नोंदवाल्या बाईंनी दाखला टाइप करून, शिक्का मारूनसुद्धा टाकला. तेवढ्यात रंगारीण म्हणाली, “घायाळ कुठे झाले होते?”

“म्हणजे कुठल्या गावी?”

“म्हणजे अंगावर कुठे. लहानपणी मी त्यांची पाठ चोळून द्यायचे. पाय दाबून द्यायचे. त्या माणसाच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.”

बाईंनी पेन्सिल केसांतून काढली, पुन्हा खोचली. “कार्डं नंतर टाइप केलेली आहेत. मूळ वहीत सगळं आखडून लिहिलेलं असतं. एखादं अक्षर लिहून पुढे टिंब. टाइप करणाऱ्याने ते उलगडायचं.”

“वही बघू.”

वही आली. पानं पिवळी, पण शाई शाबूत. आजोबांच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात दोनच खुणा होत्या: एक अक्षर काना धरून, आणि टिंब. बाईंनी वाचलं, “घा. म्हणजे घायाळ. बरोबर आहे.”

रंगारणीने मान वाकडी केली. “हा घ नाही. ध आहे.”

“ध असता तर डोक्यावरची रेघ तुटली नसती का?”

“छापात तुटते. ह्या गड्याने आधी पानभर आडवी रेघ मारून घेतलीय आणि मग खाली अक्षरं टांगलीत. काम उरकायचं असलं की मीसुद्धा तसंच करते. मग ध ओळखू कसा यावा? तर डावीकडे वर गाठ मारायची. ही बघा गाठ.”

“शाईचा ठिपका असेल.”

“पान उलटा.”

दोघी डोक्याला डोकं लावून बसल्या. पुढच्या पानावर घोडे सापडले, तीन ठिकाणी, आणि तिन्ही घ बिनगाठीचे. त्याच्या पुढे धान्य सापडलं, आणि गाठ होती. नोंदवाल्या बाई आता हट्टाने पानं उलटत होत्या. एका पानावर त्या थांबल्या. “जख.,” त्या म्हणाल्या. “जखमी. इथेही जख. इथेही. अहो, हा माणूस घायाळ शब्द वापरतच नाही.” वहीच्या शेवटच्या पानावर आखूड शब्दांची यादीच होती. वरून सहावी ओळ: धा., धावक.

“कार्ड करणाऱ्याने शेवटचं पान उघडलंच नाही,” रंगारीण म्हणाली.

“सरकारी काम आहे. पहिलं पान उघडलं हेच उपकार.”

“धावक म्हणजे?”

“निरोप्या. टेलिफोनच्या तारा तुटल्या की चिठ्ठी घेऊन ह्या तुकडीकडून त्या तुकडीकडे पळायचं. उघड्यावरून.” बाईंनी फडका गळ्यावर ओढला. “फार टिकत नसत. चौदा महिने म्हणजे पुष्कळ झाले.”

मग सैनिकांना दिलेल्या सामानाचा रकाना रंगारणीला दिसला. आजोबांच्या वरच्या माणसाला बुटांचे दोन जोड. खालच्याला दोन. आजोबांना सात.

तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

“दुरुस्तीचा अर्ज द्या,” नोंदवाल्या बाई म्हणाल्या. “वारसाच्या सहीने. आठ दिवसांत नवा दाखला देते. पण एक सांगू का? घायाळ फळ्यावर शोभून दिसतं. इथे लोक येतात ते शेरा मोठा करून घ्यायला. लहान करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्या.”

रंगारीण घायाळचा दाखला आणि वहीच्या पानाची झेरॉक्स, दोन्ही घेऊन घरी आली.

बाबांनी दाखला हातात घेतला. खिडकीशी नेला. मोठ्याने वाचला. “सन्मानाने सुटका. घायाळ.” पुन्हा वाचला. त्यांची पाठ इतकी सरळ तिने कधी पाहिली नव्हती. तिला वाटलं, आता गप्प बसावं, तोंड शिवून घ्यावं. पण गप्प बसणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने झेरॉक्स पुढे ठेवली आणि घ, ध, गाठ, बूट, सगळं सांगितलं.

“म्हणजे एका अक्षराचा फरक,” बाबा म्हणाले.

“अक्षराचाही नाही. गाठीचा.”

“मग राहू दे की.”

“चुकीचं आहे ते, बाबा.”

“असू दे.” त्यांचा आवाज चढला नाही. “सत्तर वर्षं सगळं माझ्या विरुद्ध वाचलं गेलं. एक अक्षर माझ्या बाजूने चुकलंय, तर चुकू दे.”

रंगारणीने खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. मग तिने विचारलं, “बाबा, आजोबा पळाले हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“त्यांनीच.”

“काय म्हणाले? नेमके शब्द?”

बाबांनी दाखल्याची घडी घातली, उलगडली. “मी नऊ वर्षांचा होतो. मास्तरांनी सांगितलं, ज्यांचे वडील लढाईला गेले होते त्यांनी घरी विचारून यायचं, तिथे काय केलं ते. घरी आलो तर तुझे आजोबा दाढी करत होते. गालाला साबण. मी विचारलं, तुम्ही लढाईत काय करत होता? तर म्हणाले, पळत होतो.”

“एवढंच?”

“एवढंच. वस्तरा गालावर होता. मी पुढचं विचारलं नाही, ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. माझे वडील लढाईत पळत होते.” बाबा थांबले. “वर्ग हसला. मास्तर हसले. संध्याकाळपर्यंत गल्ली हसली. घरी आलो तेव्हा त्यांना कळलेलं होतं. माझ्याकडे नुसतं बघितलं. मला वाटलं, लाज वाटून बघतायत. त्यानंतर मी त्यांच्याशी फारसं बोललोच नाही.”

रंगारणीला आता कळलं. धावक हा शब्द ऐकताक्षणी बाबांना सगळं उमगलं होतं, तिच्या कितीतरी आधी. घायाळमध्ये बाप मोठा होत होता. धावकमध्ये मुलाची चूक उघडी पडत होती.

“नऊ वर्षांचे होता तुम्ही,” ती म्हणाली.

“पुढे एकोणचाळीसचाही झालो ना. तेव्हा विचारायला काय धाड भरली होती?”

“आजोबांनी तरी सांगायचं. ‘चिठ्ठ्या घेऊन’ एवढे दोन शब्द जोडले असते तर जीभ झिजली असती?”

“झिजली नसती,” बाबा म्हणाले. “पण आमच्या घरात कोण जोडतं? तू सोडून.”

ती उठली. “फळा मी लिहीन. तिसऱ्या रकान्यातला शब्द तुम्ही सांगा. घायाळ म्हणालात तर घायाळ लिहीन. मला पटणार नाही, पण लिहीन.”

जन्मात तिने एक अक्षर जाणूनबुजून चुकीचं लिहिलं नव्हतं, गिऱ्हाइकाने हट्ट धरला तरी. पण सत्तर वर्षं तिची नव्हती, बाबांची होती. चार जणींच्या वेण्या ओढल्याने तो हिशेब तिच्या नावावर होत नव्हता.

दोन दिवसांत तिने फळ्याला पहिला हात दिला, दुसरा दिला, दोरीला खडू फासून ओळी पाडल्या. चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा तिच्या दुकानात आले, रंगाच्या डब्यांमधून वाट काढत.

“त्या अर्जावर सही कुणाची लागते म्हणालीस?”

“वारसाची.”

“म्हणजे माझीच.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “दे.”

नवा दाखला तेरा तारखेला मिळाला. चौदाला ती शिडीवर चढून शेवटच्या ओळी लिहीत होती, तेव्हा बाबा दाखला घेऊन सभागृहात आले. मुख्याध्यापक खुर्च्या मोजत होते. त्यांनी कागद वाचला. “सन्मानाने सुटका. वा. धावक...” त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी हललं. “धावक म्हणजे, शब्दशः...”

“शब्दशः पळत होते,” बाबा म्हणाले. “तारा तुटल्या की चिठ्ठ्या घेऊन. चौदा महिने.”

“असं होय. मग इतकी वर्षं लोक उगाचच...”

“लोकांना मी सांगितलं. पुरतं विचारून घेतलं नाही, आणि जाऊन सांगितलं. लोक नंतर हसले, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पण पहिल्यांदा सांगितलं मी.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “अहो, लहान असाल तुम्ही.”

“होतो. यादीत नाव घाला.”

मुख्याध्यापकांनी यादीच्या तळाशी स्वतःच्या हाताने चव्वेचाळिसावं नाव लिहिलं. रंगारीण शिडीवर पाठ करून उभी होती. कुंचला तिने डब्याच्या काठावर पुसला, श्वास धरला आणि नाव लिहिलं, साल लिहिलं, कामगिरी लिहिली.

“वाळायला सहा तास लागतील,” खाली उतरून ती म्हणाली. “तोवर कुणी हात लावता कामा नये.”

“तू जा,” बाबा म्हणाले. “बसतो मी.”

त्यांनी पहिल्या रांगेतली एक खुर्ची ओढून फळ्यासमोर ठेवली. दुपारी ती सतरंज्या घेऊन परत आली, तेव्हा शिलाईच्या दुकानाचा मालक फळ्यापुढे उभा राहून ओळी वाचत होता. शेवटच्या ओळीशी तो थांबला आणि वळला.

“काका, हे आपले...?”

“हो. माझे वडील,” बाबा म्हणाले. “बस. पहिल्यापासून सांगतो.”