बेटखेडचा डोंगा

पार्बताबाईने लुगड्याचा ओचा वर खोचला, गुडघाभर पाण्यात शिरली आणि डोंग्यात चढून मधोमध बसली. डोंगा एकदा या कडेला कलला, एकदा त्या कडेला. नत्थू भोई खुंट्याची दोरी सोडत होता. त्याचा हात दोरीवरच थांबला.

"माय, उतर," तो म्हणाला.

"नाई उतरत."

"जाचं हाय आमाले."

"मंग जा ना. मले घेऊन जा. तिकडं मोठ्या घाटावर कापसाचे गठ्ठे नेशीन ना? त्यात एक गठ्ठा माहा."

काठावर अकोल्याचा गुमास्ता उभा होता. मोर्णा नदीकाठच्या एका कापूस-दलालाचा तो माणूस. डोक्याला जरीचं पागोटं, आणि जोडे चिखलाने असे भरलेले की त्यांचं कातडं दिसत नव्हतं. तो हसला.

"बसू दे तिले, नत्थू. गठ्ठ्यापेक्षा हलकी हाय."

जमलेल्या माणसांतले काही जण हसले. पार्बताबाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग कोणी हसलं नाही.

बेटखेडला तीन बाजूंनी पूर्णा होती. चौथ्या बाजूच्या नाल्यात पाऊस सुरू झाला की असा चिखल व्हायचा की बैलगाडी आसापर्यंत रुते. दिवाळीनंतर नाला वाळायचा आणि गाड्या सुरू व्हायच्या. तोवर गाव बेट होऊन राही आणि गावाला एकच वाट असे, नत्थूचा डोंगा. मीठ त्यातून येई. वैद्य त्यातून येई. सासरी जाणाऱ्या मुली त्यातून रडत जात आणि पंचमीला त्यातूनच हसत येत. पलीकडून "ओ डोंगाऽ" अशी हाक आली की भोयाने हातातला घास ताटात ठेवून उठायचं, ही जुनी रीत. हाक मारणारा कोण, कुठल्या जातीचा, कोणाशी भांडलेला, हे विचारायचं नाही.

आणि आज तोच डोंगा गाव सोडून चालला होता. नदीच्या खालच्या अंगाला अकोल्याचा रस्ता पूर्णा ओलांडत होता. गोऱ्या साहेबाच्या मुलखाला दुसरीकडून कापूस मिळेनासा झाल्यापासून त्या घाटावर गाड्यांची रांग लागे. दलाल मिळेल तो डोंगा तिथे नेत होता.

पार्बताबाईला घाटाशी घेणं नव्हतं, दलालाशी नव्हतं. तिची सून सुभद्रा दिवसांत होती. मागच्या खेपेला मूल आडवं आलं होतं. पलीकडच्या गावच्या दुर्गाबाई सुईणीने पोटावरून हात फिरवत फिरवत ते सरळ केलं. मूल राहिलं नाही, पण सुभद्रा राहिली. या खेपेलाही मूल आडवंच वाटतं, असं दुर्गाबाई मागे तपासायला आली तेव्हा म्हणाली होती आणि आज दुपारी पुन्हा पाहायला येणार होती. बेटखेडात दुसरी सुईण नव्हती.

"कोन नेऊन राहिलं डोंगा?"

खुशालराव पाटील आला. मागे त्याचे बैल पाण्यावर आले होते. पोळा होऊन फार दिवस झाले नव्हते. बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या तशाच होत्या, पाण्यात वाकले की त्या चमकत. पाटलाचा आवाज लोकांना बरा वाटला. त्यांचेही आवाज मग मोठे झाले.

"डोंगा गावचा हाय," पाटील म्हणाला. "गावच्या मोहाच्या झाडाचा हाय. झाड माह्या बापानं देल्लं. अकोल्याच्या दलालाले आमचंच गाव दिसलं काय लुटाले?"

"बुडवा त्याले!" कोणीतरी मागून ओरडलं.

पार्बताबाईचा लेक चंद्रभान सगळ्यांना सारत पुढे आला आणि त्याने गुमास्त्याच्या अंगरख्याला हात घातला. गुमास्ता घाबरला नाही. त्याने चंद्रभानचं एकेक बोट सोडवलं.

"मी नाई आलो याच्या दाराले," तो म्हणाला. "हाच आला आमच्या पेढीवर. चिखल तुडवत आला. इचारा त्याले."

सगळे नत्थूकडे वळले. नत्थू दोरीकडे पाहत होता. ओली दोरी तो बोटांत पिळत होता आणि तिच्यातून थेंब गळत होते.

"काहून रे नत्थू?" पाटील म्हणाला. "खोटं बोलते ना हा?"

डोंग्याच्या टोकाशी त्याची बायको कौशल्या जाळं, तवा, पितळी असं सामान रचत होती. तिने तवा दाणकन ठेवला.

"त्याले काहून इचारता? मले इचारा. टोपली घेऊन मी फिरली."

"तू मधात बोलू नको वं," पाटील म्हणाला.

"बोलतो. आता तं तुमच्या गावची नाई ना मी, बोलतो." तिने पदर कमरेला खोचला. "आमाले वावर नाई. नांगर नाई. सालभर डोंगा चालवाचा आन् खळ्यावर जवारी निघाली का टोपलीभर आमची. सासरा तसाच जगला, त्याचा बाप तसाच जगला. गेल्या हंगामात टोपली घेऊन निंगाली. पाटलाच्या खळ्यावर गेली, तं तिथं कापूस वाळत घातला. चंद्रभानच्या खळ्यावर गेली, तं तिथं बैलाचा नवा कोठा. पुढं गेली, तं खळंच नाई. जिथं पाहा तिथं कापसाची पऱ्हाटी. बांधावर पऱ्हाटी, पांदनीत पऱ्हाटी. देवाच्या ओट्याखाली दोन हात जागा होती, तिथंई टोबली."

"कापूस इकल्यावर रुपये देल्ले ना तुले? खोटं बोलू नको."

"देल्ले. नाई कोन म्हन्ते? चावून पाह्यला म्या तुमचा रुपया, पाटील. दात दुखते."

मागे कोणाला तरी हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घालवलं.

"बजारात जवारीच नाई," कौशल्या म्हणाली. "असली तं तुमीच गाड्या भरून आनता. तुमाले बैल हायत. आमी काय डोंग्यातून जाऊन मुठभर आनाव? हा दलाल जवारी देते. सांजले पदरात टाकते. दलाल चांगला हाय म्हनून नाई चाललो आमी. भूक लागते म्हनून चाललो." ती थांबली आणि तिने नवऱ्याकडे बोट केलं. "आन् हा मानूस! पोटात काई नसे तरी हाक आली का उठे. मी म्हनो, पडू दे हाक, बहिरा हो. हा म्हने, हाक आली."

"मले काहून नाई सांगतलं?" पार्बताबाई डोंग्यातूनच ओरडली. तिचा राग अजून गेला नव्हता. फक्त तो कोणावर टाकावा हे तिला कळत नव्हतं. "माह्या घरी येऊन सांगतलं असतं, तं म्या काय हाकललं असतं?"

"सांगतलं ना. तुमच्याच दारात उभी राहून सांगतलं. तुमी हातात नवे गोठ घालून पाहत होत्या. म्हनल्या, दिवाळी होऊ दे."

पार्बताबाईने पदर पुढे ओढला. चांदीचे जाड गोठ त्याखाली गेले. पण पदर ओला होता, हाताला चिकटला, आणि गोठांचा आकार वर उठून दिसत राहिला.

चंद्रभानने कमरेची पिशवी सोडली आणि मूठ पुढे केली.

"घे नत्थू. आत्ताच घे. पन डोंगा सोडू नको."

"ठेव ते," पार्बताबाई म्हणाली.

"माय, तू..."

"ठेव म्हनलं ना."

ती डोंग्यात उभी राहिली. नत्थूने सवयीने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. काठावरच्या एकेका माणसाकडे तिने पाहिलं.

"यंदा कोनाच्या वावरात जवारी हाय?"

पाटलाने बैलांकडे वळून 'हो, हो' केलं. बैल तर शांतच उभे होते.

पार्बताबाई पाण्यात उतरली, चिखलातून वर चढली आणि माणसांच्या मधून निघून गेली. लोकांनी तिला वाट दिली. गुमास्ता डोंग्यात चढला आणि पागोटं सावरून बसला.

"चला," तो म्हणाला. "बाईले समजलं. तुमालेई समजन."

नत्थूने दोरी सोडली.

पार्बताबाई घरी गेली नाही. काठाच्या उतारावर तिचं स्वतःचं वावर होतं, नवऱ्याच्या मागे तिने हिमतीने राखलेलं. काळी भुसभुशीत जमीन. यंदा त्यातली पऱ्हाटी गावात सगळ्यांत सरस होती. कमरेपर्यंत आली होती, पिवळी फुलं होती आणि खालच्या फांद्यांना बोंडं धरू लागली होती. येणारे-जाणारे बांधावर थांबून ती पाहत.

ती पहिल्याच ओळीत वाकली. बुडाशी दोन्ही हातांनी पऱ्हाटी धरली आणि ओढली. जमीन ओली होती, तरी मूळ सहज सुटलं नाही. तिने पाय रोवले आणि पुन्हा ओढली. मातीसकट मूळ वर आलं. ती बाजूला फेकून तिने दुसरी धरली.

चंद्रभान धावत आला.

"माय! काय करून राहिली?"

"दिसत नाई काय?"

"बोंडं धरली हायत!"

"मले डोळे हायत."

तिसरी आली. चौथीचं खोड मोडलं, तेव्हा तिने खाली बसून बोटांनी माती उकरली आणि मूळ काढलं. भांडताना बाई बाईचे केस धरते तशी ती पऱ्हाटी धरत होती. चंद्रभानने तिचं मनगट पकडलं. गोठ त्याच्या तळव्यात रुतला. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याने हात सोडला.

"जवारी पेरतो," ती म्हणाली. "रब्बीची. अजून दिवस हायत."

"अख्खं वावर?"

"अख्खं."

"चंद्रभान!" काठावरून पाटील ओरडला. "आवर तिले! म्हातारीचं डोकं फिरलं!"

पार्बताबाईने वर पाहिलं नाही. ओळ संपली तिथून ती दुसऱ्या ओळीत शिरली. बांधाच्या टोकाशी सुभद्रा येऊन उभी राहिली होती, एक हात कमरेवर, एक पोटावर. कोणी दुसरं वावरात उतरलं नाही. पाटील नाही, खोकणारा नाही. मग चंद्रभानने उपटलेल्या पऱ्हाट्या गोळा केल्या आणि मुळांची माती झटकून बांधावर नीट रचायला लागला. त्याचा चेहरा रडवेला होता.

डोंगा धारेला लागला होता. उताराखालून पाणी जोराने वाहत होतं आणि तिथून वावर सगळं दिसे. कौशल्या सामानावर बसून वरच पाहत होती. एक पऱ्हाटी हलायची, मग दिसेनाशी व्हायची. मग शेजारची हलायची. काळा पट्टा थोडा थोडा रुंद होत होता.

"वेडी हाय," गुमास्ता म्हणाला. "आता रेट, नत्थू. येळ झाला."

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आवाज आला.

"ओ डोंगाऽ!"

नत्थूचा बांबू पाण्यात होता तसा राहिला. पलीकडे काठावर एक बाई उभी होती. काखेत बोचकं, डोक्यावर घोंगडीची खोळ. ती दुर्गाबाई सुईण होती.

"थांबू नको," गुमास्ता म्हणाला. "आता या गावचा नाई तू."

नत्थूने बांबू उचलला, पण टाकला नाही. धार डोंग्याला खाली ओढत होती. त्याने बायकोकडे पाहायचं टाळलं.

"ओ डोंगाऽऽ!"

कौशल्याने वावरावरची नजर काढली. तिचा चेहरा मघासारखाच रागाने लाल होता.

"काय पाहून राहिले?" ती नवऱ्यावर ओरडली. "हाक आयकू नाई आली काय?"