आरपार न जाणारी गोळी

"हिचे नखरे तरी किती! हलकं काडतूस दिलं, की एक बार काढते आणि अडून बसते," खिडकीशी रायफल पुसता पुसता ओइवा कुरकुरला.

"मालकावर गेलीय," त्याची बायको हिल्का म्हणाली.

एरवी तो हसला असता. पण टेबलापाशी तिचा भाऊ रेइनो बसला होता. वर्षभरानं तो या घरात आला होता, म्हणून हिल्कानं पहाटेच वेलची घालून गोड पाव भाजले होते. त्यानं अजून एकालाही हात लावला नव्हता.

रशियाच्या सरहद्दीलगतच्या त्या फिनिश गावात उद्यापासून मूस या अजस्र हरणांची शिकार सुरू व्हायची होती. कुत्रं भुंकून भुंकून मूसला जागीच धरतं, आणि मग शिकारी बार टाकतो. गेल्या वर्षी ओइवाची गोळी मूसमधून आरपार गेली आणि रेइनोच्या कुत्रीला, हाल्लाला, लागली. सगळा गाव म्हणाला, तांब्याची गोळी, ती अंगात थांबते होय! रेइनोही तेच म्हणाला, पण बहिणीकडे यायचा बंद झाला. आता त्याच्याकडे नवी कुत्री होती. ओइवा शिकारीला असताना तिला सोडायची की नाही, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

ओइवानं काडतुसांची खोकी त्याच्यापुढे सरकवली. "तूच निवड."

रेइनोनं एक काडतूस बोटांत फिरवलं. "हे घे. मऊ टोकाचं, वजनदार. गोळी आत गेली की फुलते, पोटातच राहते. तुझी रायफलही अडायची नाही."

"नक्की राहते?"

"बहुतेक."

हिल्काचा जीव भांड्यात पडला. "चला, मिटलं! कॉफी घे रे, निवतेय."

"तुझी कॉफी म्हणजे डांबर, ते कधी निवतं का?" रेइनो म्हणाला आणि त्यानं पाव उचलला.

तिला वाटलं, आता यापुढे कुणी काही बोलू नये. वर्षभर रात्री नवरा छताकडे बघत पडायचा. तिनं कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर आलं तर भाऊ कायमचा जाईल, ही तिची भीती.

ओइवानं ते काडतूस घेतलं नाही.

"गोळीचा दोष नव्हता, रेइनो," तो म्हणाला. "हाल्ला मूसच्या मागं उभी होती. मला दिसत होती. तरी मी चाप ओढला."