माझ्या पायातला लोखंडी बूट

मी एक जुनी काठी आहे. हसू नका मित्रांनो, कुत्री हाकलायची नव्हे! मी जीपची काठी. नदी आली की आधी मी पाण्यात उतरायचे, मग गाडी.

आजोबांनी मला स्वतः सोलून, घासून घडवलं. जीपशेजारी उभी करून इंजिनाच्या पंख्याच्या जरा खाली लाल पट्टा रंगवला. पट्टा बुडाला की माघारी फिरायचं. "पंख्याला पाणी लागलं की गाडी बसलीच म्हणून समज," असं ते नातीला सांगत. रंग उडाला की पुन्हा मोजून रंगवत. बावीस वर्षं आम्ही नद्या ओलांडल्या, पलीकडे तंबू ठोकले. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, गाडी मुलाच्या हाती गेली आणि मी अडगळीत पडले.

यंदा मुलाला माझा पुळका आला. माझं टोक झिजलेलं बघून त्याने खाली लोखंडी बूट बसवला, चांगला चार बोटं लांब. वर तेलपाणी केलं. बाबा खूश होतील म्हणे! अरे शहाण्या, मी चार बोटं वाढले, गाडी वाढली का? पट्टा वर सरकला, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

नदीत मला घेऊन तोच उतरला. आजोबा नातीजवळ गाडीत बसले होते.

"पट्टा कोरडा आहे का रे?"

"कोरडा आहे, बाबा. पाणी दोन बोटं खाली आहे."

"मग घाल गाडी."

माझा नुसता जळफळाट झाला, पण काठीला कुठली वाचा? मधोमध पंख्याला पाणी लागलं आणि इंजिन बंद पडलं. पाणी सीटपर्यंत चढलं. ट्रॅक्टर येईपर्यंत तासभर आजोबा रडणाऱ्या नातीला खांद्यावर घेऊन त्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभे होते.

काठावर मुलगा वैतागून म्हणाला, "बाबा, नीट दिसत नाही तर पट्टा रंगवायचाच कशाला?"

"चुकलं असेल माझंच," आजोबा म्हणाले. "यापुढे मी येत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा, पण ती वस्तू काय काम करते ते आधी विचारा. आणि त्या घरी कधी गेलात, तर मला जीपशेजारी उभी करून एकदा मोजा. आजोबांच्या देखत मोजा. ते रोज चष्मा लावून माझा पट्टा बघतात आणि मला परत कोपऱ्यात ठेवतात.