दोन्ही बाह्या डाव्या

दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या आणि मी धसकाच घेतला. एकेरी कापडावर बेतताना दुसऱ्या बाहीसाठी नमुन्याचा कागद उलटा ठेवायचा, हे शिंप्याच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. मी चांगली चोवीस वर्षांची घोडी, आणि विसरले!

धसका घ्यायला कारण होतं. आईला अल्झायमर आहे. हल्ली ती मला अहो बाई म्हणून हाक मारते. म्हणून मी तरुणांच्या मेंदूवरच्या एका अभ्यासात नाव दिलं आणि हट्टाने निकाल विचारून घेतला. आईकडचं या आजाराचं जनुक माझ्यातही आलंय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की याने धोका वाढतो, पण आजार होईलच असं नाही. माझा मेंदू आज ठणठणीत आहे. मी नुसती मान डोलावली. ऐकलं कोणी? वाटेतच ठरवून टाकलं, एका वायरमनशी माझं जमलेलं लग्न मोडायचं. उगाच एका भल्या माणसाच्या गळ्यात धोंड कशाला?

बाह्या बाबांच्या पुढ्यात आपटल्या आणि रडत सगळं ओकले. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. म्हणाले, डोकं ठिकाणावर नसलं की तू हा घोळ लहानपणापासून घालतेस, मेंदूला कशाला बदनाम करतेस? मी भडकले. इथे माझा जीव जातोय आणि यांना थट्टा सुचतेय.

"आईचं हे आधी कळलं असतं, तर केलं असतं का लग्न?" मी तोंडावर विचारलं.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. आत आई चिंध्यांच्या घड्या घालत, काहीतरी गुणगुणत बसली होती.

"लग्न केलंच असतं," ते म्हणाले. "रोज दुकानात उशिरापर्यंत बसायचो ना, ते तेवढं केलं नसतं."

मी डोळे पुसले आणि वायरमनला फोन लावला. जनुक, आई, मोडायला निघालेलं लग्न, सगळं घडाघडा सांगून टाकलं.

"भीती वाटतेय गं, खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण तू तिथेच थांब. मी काम सोडून निघालोय."