बाबा, कोळंबी आणि कचऱ्याची गाडी

हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. पो-च्युनची शोभा झाली तेवढी पुरे. पण तोच म्हणाला, "लिही रे, आता काय उरलंय?"

तर पो-च्युनचे बाबा रोज संध्याकाळी कोळंबी पकडायला जायचे. समुद्रावर नाही हो, बाजारामागच्या शेडमधल्या हौदावर. तासाचे पैसे भरायचे, गळ टाकून बसायचं आणि बायकोचा फोन उचलायचा नाही. एकदा कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, अख्खी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर उभी, आणि आईने पिशवीबरोबर बाबांचे सगळे गळही गाडीत भिरकावले.

"जा, त्या कोळंबीशीच लग्न कर!"

बाबा गळांमागे झेपावले ते थेट गाडीमागच्या खरकट्याच्या पिंपात. समोरच राहणाऱ्या वेन-हाओने सगळं फोनवर टिपलं. तो पो-च्युनच्याच वर्गात. बाबा तसेच वास मारत आत्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पो-च्युन वर्गात शिरला की सगळे गाडीचं गाणं गुणगुणायचे. शेवटी तो जुंग-यीला म्हणाला, "मी शाळा बदलतोय. मामाकडे ताइतुंगला जातो. आज आईला सांगणार." जुंग-यी म्हणजे तेव्हा वर्गातला त्याचा एकुलता एक मित्र.

"मग मी डबा कुणाबरोबर खाऊ? भिंतीबरोबर?"

"भिंत निदान गुणगुणत नाही."

जेवणानंतर रोजच्यासारखा सगळा वर्ग बाकावर डोकं टेकून झोपला. श्यू बाईही टेबलावर घोरत होत्या. वेन-हाओने हळूच गाडीच्या गाण्याचा सूर लावला. मग सगळ्यांची नाकं सुरू.

आणि बाई ताडकन उठल्या! डोळे अर्धे मिटलेले. कोपऱ्यातली कचऱ्याची बादली उचलली आणि "अहो थांबा, थांबा!" करत, एका पायात चप्पल, जिन्याने खाली पळाल्या. थेट फाटकाबाहेर. रिकाम्या रस्त्यावर जाग आली, तेव्हा वर खिडक्यांत अख्खी शाळा.

पो-च्युन तर हसून हसून बाकाखाली गेला. किती दिवसांनी!

सुट्टीत जो तो बाईंचीच नक्कल करत होता. पो-च्युनकडे कुणी बघेना.

"मग? ताइतुंग?" जुंग-यीने विचारलं.

"बाबा अजून आत्याकडेच आहेत."

"ते बघतील त्यांचं. तू सांग."

"उद्या इथेच येतो, शप्पथ. आणि तुझ्या घरी असं काही झालं ना, तर मी हसणार नाही." पो-च्युनने जरा विचार केला. "म्हणजे, तुझ्याआधी तरी नाही."