अर्धा उपास

गोष्ट चौसष्ट सालची. मंजूच्या काकांनी जळगावहून चित्रांचं पुस्तक आणलं आणि पारोळ्याजवळच्या त्या खेड्यात दोन पोरींच्या डोक्यात किडा वळवळला. पुस्तकातली खार नि ससा एकमेकांची कामं करत, आणि मग खेळायला मोकळे. झालं! शेजारची बेबा लगेच आपल्या अहिराणीत म्हणाली, "मंजे, तू मन्या गवऱ्या थाप, मी तुनं पानी गाळस."

पाणी गाळण्यात काय मोठं? हंड्यावर जाड फडकं धरायचं, वरून विहिरीचं पाणी ओतायचं. बेबानं ऐटीत सगळं गाळलं, फडकं पिळलं आणि अंगणातल्या तापल्या फरशीवर फटकन झटकलं.

"अगं, काय केलंस हे!" मंजूची आई जतनबाई धावत आली. फडक्यात अडकलेले बारीक जीव त्याच विहिरीत हळूच सोडायचे, ही जैनांच्या घरची रीत. कुणब्याच्या पोरीला ती कुणी सांगितली होती? जतनबाई ओरडली असती तरी परवडलं असतं. तिनं डोळे मिटून हात जोडले. "माझ्या दारात पाप झालं. आज मला उपास." एवढ्यात मंजू शेणानं बरबटून आली. तिला आत ओढून जतनबाईनं दार लावलं.

बेबा बंद दारासमोरून घरी परतली. जिवाभावाची मैत्रीण ती एकच, आणि आता तीही तुटली.

दुपारी आई झुंबरबाईनं भाकर वाढली, तर बेबा ताटाकडे बघेना. तिसऱ्या प्रहरी झुंबरबाईनं तिच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि हाताला धरून तिला जतनबाईच्या दारात उभी केली. "बाई, पोर सकायपाइन उपाशी शे. आते तुम्हीच सांगा."

"का गं?" जतनबाईनं विचारलं.

बेबा हुंदके देत म्हणाली, "चूक मनी शे. मंग उपास तुम्ही एकल्याच काबर करतस? अर्धा मना."

जतनबाई तिच्यासमोर खाली बसली. "अरे देवा! डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी दिवसभर हळहळले, आणि हा एवढा धडधडीत जीव माझ्यापायी उपाशी!"

जैनांच्या घरी अंधार पडल्यावर जेवत नाहीत, पण दिवस मावळायला अजून वेळ होता. तिनं मंजूला हाक मारली, बेबाला थेट चुलीपाशी नेलं आणि दोघींना एका ताटात वाढलं. स्वतःचा उपास मोडला नाही, पण पहिला घास बेबाला आपल्या हातानं भरवला. बेबानं तो रडतरडतच घाईघाईनं खाल्ला.

"सावकाश खा, बेटा," जतनबाई तिची पाठ चोळत म्हणाली. "आणि उद्या लवकर ये. मंजूला एकटीला हंडा पेलत नाही."