वर्षाचं एकच बोलणं

"वेदीपुढे मनात नसेल ते तोंडात आणू नको, प्रमिला. गप्प राहिलीस तरी चालेल."

आईने हे सांगितलं तेव्हा ती माझी वेणी घालत होती. धुळ्याच्या मिशनचं आवार, सदुसष्टचा जानेवारी, लग्न तासाभरावर आलेलं. मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी जपमाळ झाली की एकच नेम करते, आज खोटं बोलणार नाही. नेम लहानसाच, पण त्यानेच माझ्या घरातलं बोलणं संपवलं.

ब्याऐंशी साली भुसावळच्या यार्डात मालगाडीचे दोन डबे रुळावरून उतरले. कुणाला लागलं नाही. डबे इकडून तिकडे लावणाऱ्या इंजिनावर शंटर म्हणून आमचे हे होते, रुपचंद पगारे. चौकशीचे साहेब क्वार्टरवर आले, पाणी प्यायले आणि त्यांनी मला विचारलं की ड्यूटीवर निघण्याआधी यांनी घेतली होती का. हे दारात उभे होते, माझ्याकडेच बघत. मी म्हटलं, "थोडी घेतली होती."

यांना इंजिनावरून काढून शेडमध्ये टाकलं. ड्रायव्हर व्हायचं कायमचं राहिलं. त्या दिवसापासून यांनी दारू सोडली आणि माझ्याशी बोलणंही सोडलं. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत, एवढंच. आमची पुष्पा तेव्हा तेरा वर्षांची होती. तुझ्या आईला सांग, डबा लवकर हवा, असं ते तिला सांगायचे आणि मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असायची.

आमच्या चर्चमध्ये रीत आहे. ज्यांचं लग्न ज्या महिन्यात झालं, त्या जोडप्यांनी त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी वेदीपुढे उभं राहून लग्नाची वचनं पुन्हा म्हणायची. दर जानेवारीत हे इस्त्रीचा शर्ट घालत, माझा हात हातात घेत आणि फादरांच्या मागून खणखणीत आवाजात म्हणत, मी, रुपचंद, तुला, प्रमिला. माझं नाव त्यांच्या तोंडून मी वर्षातून तेवढंच एकदा ऐकायची. घरी आलो की ताट पुन्हा बाहेरच्या खोलीत.

शेजारच्या द्रौपदाबाई धरणगावकडच्या. त्या दरवर्षी मला टोमणा मारायच्या, "तुमनं लगीन काय रेल्वेना पास शे का, दर साल नवं करनं पडस?" मी हसायची. आतलं त्यांना माहीत नव्हतं.

गेल्या मे महिन्यात पुष्पाचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. मग हे कॅलेंडरला सांगू लागले. रात्रपाळी आहे, म्हणायचे, तारखांकडे बघून. मी ताट स्टुलावर ठेवून आत यायची. एके दिवशी मी स्टोव्हला सांगत होते की रॉकेल संपत आलंय, तेव्हा माझी मलाच भीती वाटली.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली. फादर म्हणाले, या वेळी तुम्ही दोघंच उभे राहा, एकेकाने म्हणा. मी पापनिवेदनाला गेले. सांगितलं की ही वचनं आता माझ्या मनात नाहीत. फादर जाळीपलीकडून म्हणाले,

"नाही म्हणालात तरी लग्न मोडत नाही, बाई. ते पंचवीस वर्षांपूर्वीच झालंय. घाबरू नका."

धीर द्यायलाच म्हणाले ते. मला मात्र कुणी बाहेरून कडी लावल्यासारखं वाटलं. म्हटलं तर वेदीपुढे खोटं. नाही म्हटलं तरी क्वार्टर तेच, कॅलेंडर तेच, आणि वर्षाचं एक बोलणं होतं तेही जाणार.

रविवारी सव्वीस जानेवारी आली. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या भोंग्यावर देशभक्तीची गाणी लागली होती, ती चर्चमध्ये ऐकू येत होती. पुष्पा आणि जावई हार घेऊन आले होते. यांनी आपलं सगळं न अडखळता म्हटलं. फादरांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं.

मी तोंड उघडलं आणि वेणीला बसलेला आईचा हिसका आठवला. मी गप्प राहिले.

मागे कुणीतरी खोकलं. माझा हात यांच्या हातात होता, त्याला घाम सुटला. माझा की त्यांचा, कळेना.

"प्रमिला," हे पुटपुटले, "बोल ना. लोक बघताहेत."

हे पुस्तकातलं नव्हतं.

मी हळूच विचारलं, "घरी बोलाल?"

ते बुटांकडे बघत राहिले. फादरांनी ओळीवर बोट तसंच ठेवलं होतं.

"ऐकवेल तुला?"

"ऐकेन," मी म्हटलं. ते मनात होतं.

"मग बोलेन."

तेव्हा मी वचनं म्हणायला लागले. दुःखात साथ देईन हे लगेच म्हणता आलं. मान राखीन या शब्दांपाशी थांबले, आत शोधलं, थोडा वेळ गेला. सापडलं तेव्हाच म्हटलं.

दुपारी दोनच्या एसटीने पुष्पा आणि जावई धुळ्याला गेले. मी द्रौपदाबाईंना पुष्पाने आणलेला केक देऊन आले. हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले, मी आत मेथी निवडायला बसले. तीन वाजले. साडेतीन झाले. बाहेर नुसतं घड्याळ वाजत होतं. वाटलं, झालं, आता पुढच्या जानेवारीपर्यंत असंच. आणि खोटं कशाला सांगू, जरा सुटल्यासारखंही वाटलं. तू माझ्या आयुष्याची माती केलीस, हेच ते म्हणणार होते. मी तर ऐकेन असं वेदीपुढे कबूल करून बसले होते. स्वयंपाकघराला दुसरं दार नाही. बाहेर जायचं तरी त्यांच्या समोरूनच.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे उंबऱ्यापाशी येऊन थांबले. मग आत आले. भिंतीला टेकवलेला पाट घेतला, माझ्यासमोर मांडला, गुडघ्यावर हात देत खाली बसले. इथे बघायला कॅलेंडर नव्हतं. त्यांनी माझ्यापुढच्या जुडीतली एक काडी उचलली.

"त्या दिवशी साहेब आले होते ना," ते म्हणाले आणि पानं खुडू लागले.